जोमाची पेशी

"काय डाक्टरीनबाई, मायचे डोये आनले का पिशवीत?"

किसनराव एवढं बोलला आणि आपल्याच बोलण्यावर खदखदून हसला. त्याचं काही चुकलं नव्हतं. धामणगाव बढ्याचा माणूस, दीपमालाच्या आईच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा. मोताळ्याला एसटीत चढल्यावर गावची लेक दिसली तर काय मुक्यानं बसेल? आणि एसटीत विचारायचं तर मोठ्यानंच विचारावं लागतं, इंजिन कुणाचं ऐकतं? पण पुढच्या चार बाकांवरची माणसं वळून बघायला लागली, एका म्हातारीनं तर "कोनाचे डोये वं?" असं शेजारणीला विचारलंही, आणि दीपमालानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "आनतो ना काका. उद्या घेऊनच चालली तिले पुन्याले," असं ती बोलून गेली. हसलीसुद्धा. मग तिनं खिडकीकडे तोंड केलं. तीन दिवस ती कुणाला काही बोलली नव्हती, म्हणजे निदान खोटं तरी बोलली नव्हती. आता तेही झालं. बाहेर तुरी कापणीला आल्या होत्या, मध्ये मध्ये हरभऱ्याचे हिरवे तुकडे होते, आणि खिडकीची काच सारखी थडथडत होती. रात्रभर रेल्वेत बसून तिची कंबर मोडली होती. मलकापूरला उतरल्यावर चहाच्या टपरीपाशी उभी राहिली तेव्हाच मनात आलं होतं, समोरच्या फलाटावर जावं, मिळेल ती गाडी पकडावी आणि परत फिरावं. पण एवढा जिना चढून जायचंही त्राण नव्हतं, म्हणून ती गावाकडे निघाली.

अहवाल सोमवारी अकरा वाजता आला होता. पुण्यातल्या प्रयोगशाळेत, तिच्या टेबलावर, नेहमीच्या पत्रांच्या गर्दीत. त्यात लिहिलेलं एवढंच होतं: एक नंबरच्या पेशंटच्या पेशींमध्ये, शंभरातल्या चारांत, विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दोनदा असायचा तिथं तीनदा आहे. दीपमालानं आधी हातातला चहा संपवला, ह्याचं तिला नंतर नवल वाटत राहिलं. एक नंबरचा पेशंट म्हणजे तिची आई, जनकाबाई. स्वतःच्या माणसाचं काम स्वतः करू नये म्हणून कागदावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. पण प्रयोगशाळेतल्या झाडूवाल्या बाईपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दोन वर्षांपूर्वी आईच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूची उडदाएवढी कातडी काढली होती. त्या कातडीच्या पेशींना चार प्रथिनांचा डोस द्यायचा आणि उलट्या पावली चालायला लावायचं. आपण कातडी आहोत हे त्यांना विसरायला लावायचं. विसरत विसरत त्या पार मागे जातात, गर्भातल्या पेशीइतक्या कोवळ्या होतात, आणि मग त्यांना नव्यानं शिकवता येतं की आता तू डोळ्याच्या पडद्याची हो. सांगायला पाच वाक्यं लागतात, करायला दोन वर्षं. जनकाबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हंजे म्हाताऱ्याले लेकरू करून पुन्यांदा शाळेत घालायचं. हाव ना?" आई चौथी शिकलेली, पण एवढं चांगलं कुठल्याच परिषदेत कुणाला सांगता आलं नव्हतं. फक्त जी गोष्ट दीपमालानं तेव्हा घाईघाईत उरकली ती अशी की त्या चार प्रथिनांतलं एक कॅन्सरच्या गाठींतही सापडतं, आणि विसरायला लावलेली पेशी काय काय विसरेल याचा भरवसा नसतो. कातडी असणं विसरते तशी थांबणंही विसरू शकते. "थोडा धोका असते माय," एवढंच ती म्हणाली होती, आणि आई म्हणाली होती, "धोका त भाकर गिळाचाबी असते." आणि सही करून मोकळी झाली होती.

संचालक शेखर सरांनी सोमवारी दुपारी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. तोही थकलेला होता. सात वर्षं दारोदार फिरून त्यानं हा प्रकल्प उभा केला होता आणि आता कुणीतरी वरून विचारत होतं की पहिला पेशंट कधी. "शंभरात चार," सर म्हणाले. "नेहमीच्या तपासणीत दोनदा साफ निघालं होतं. ही बारीक तपासणी आपण एक नंबरचीच केली, हौसेनं. केली नसती तर?" मग बराच वेळ ते टेबलावरची काच पुसत बसले. "गाठ होईलच असं नाही. कुणीच सांगू शकत नाही, दीपमाला. कदाचित कधीच नाही. कदाचित दहा वर्षांनी. नव्यानं सुरू करायचं तर दीड वर्ष, आणि तोवर त्यांच्या डोळ्यात लावायला जागा उरणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." शुक्रवारी दुपारी परवानगी देणारी समिती बसणार होती. तोवर हा अहवाल दोघांतच राहील, आणि तो समितीपुढे जायचा की नाही ते तुम्ही सांगा, असं सर म्हणाले. "आई तुमची आहे." किती सोयीचं वाक्य! धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी वस्तू सरांनी हळूच तिच्या ओंजळीत ठेवून दिली. आज गुरुवार होता.

जनकाबाईच्या डोळ्यांचं पाच वर्षांपूर्वी सुरू झालं. मोतीबिंदू असेल म्हणून बुलढाण्याला नेलं, तर तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की पडदाच मधून झिजतोय. आंधळेपणापेक्षा हे वेगळंच असतं. आंधळ्याला काही दिसत नाही. जनकाबाईला सगळं दिसतं, फक्त जे बघायला जावं तेवढंच दिसत नाही. दाराकडे बघितलं की चौकट दिसते, दार नाही. ताटाकडे बघितलं की ताटाची कड दिसते. माणसाकडे बघितलं की कान, खांदे, मागची भिंत, आणि चेहऱ्याच्या जागी राखेसारखा एक गोल. म्हणून ती हल्ली मान तिरपी करून, भलतीकडे बघत बोलते, आणि नवख्या माणसाला वाटतं म्हातारी रागावलीय. तीन वर्षांपूर्वी दीपमालाचे वडील, पुंजाजी, गेले, तेव्हा शेवटच्या दिवशी ती त्यांच्या खाटेपाशी बसून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघत राहिली होती. "समद्या बाजूनं दिसला तुहा बाप," ती नंतर म्हणाली. "फक्त तोच नाही दिसला." हे दीपमालाला फोनवर कळलं. जलदानाच्या विधीला ती आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेली, कारण पेशींना रोज ताजं पाणी पाजावं लागतं, एक दिवस चुकला तर महिन्याचं काम मातीत. पेशींना रविवार नसतो, दिवाळी नसते, बाप मेल्याची सुटी नसते. भाऊ देवानंद, गावच्याच शाळेत मास्तर, तेव्हा एक शब्द बोलला नव्हता. तो बोलला असता तर बरं झालं असतं असं तिला अजून वाटतं.

आणि ह्या सगळ्याच्या तळाशी ती गोष्ट होती. सरांना माहीत नव्हती, कुणालाच माहीत नव्हती. गाडी वळणावर कलली की ती आतल्या आत वर यायची, आंबट.

लहानपणी, ज्वारी खुडायच्या आधी, आई कमरेला चिंध्या खोचून वावरात फिरायची. जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या. उभ्या पिकातून हळूहळू चालत जायची, थांबायची, एखाद्या धाटाकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि त्याला चिंधी बांधायची. ते बियाचं. खुडणाऱ्या बायांनी त्याला हात लावायचा नाही. तीन एकराचं घरचं वावर झालं की दुसऱ्यांच्या वावरांतही तिला बोलावणं यायचं. वाड्यावस्त्यांतले मोठे जमीनवाले, जे तिच्या हातचं पाणी घ्यायला दोनदा विचार करायचे, ते जनकाबाईनं बांधलेलं कणीस मात्र बिनबोभाट घ्यायचे. दीपमाला मागे मागे फिरायची. "हे काऊन नाही बांधलं माय? हे बी त चांगलं दिसते." "ते किरटं हाये बाई. जे जोमात वर आलं, आजूबाजूच्याले मागं टाकून आलं, तेच ठेवाचं. बाकी पोटाले." जोम हा शब्द दीपमालाच्या हाडात गेला तो तिथून. ती स्वतःच तशी वर आली होती ना, आजूबाजूच्यांना मागं टाकून? मलकापूरचं कॉलेज, मग अमरावती, मग पुणे, जिथं पहिल्या वर्षी तिनं "मले" म्हटल्यावर मुली तोंडावर हात धरून हसल्या आणि तिनं महिनाभरात भाषा बदलून टाकली. तेव्हा कुणी तिला विचारलं नाही की तू हे थांबवणार कधी.

तर दोन वर्षांपूर्वी, आईच्या पेशींच्या थाळीत, भिंगाखाली तीन ठिपके उगवले होते. तीन वसाहती. नियमावलीत स्पष्ट होतं: तिन्ही वाढवा, तिन्ही गोठवून ठेवा, तिन्ही तपासा, मग निवडा. पण हात दोन, जागा थोडी, आणि तीन तीन घरं रोज कोण पोसणार? त्यातला एक ठिपका असा काही भरला होता, गोल, चकचकीत, कडा रेखीव, इतरांच्या दुप्पट! बाकीचे दोन रेंगाळत होते. दीपमालानं जास्त विचार केला नाही. खरं तर विचार केलाच नाही, हात आपोआप चालला. तिनं भरलेला ठिपका उचलला आणि उरलेले दोन ब्लीचमध्ये ओतले. वहीत लिहिलं: दोन व तीन, वाढ नाही. वाढ होती. सावकाश होती, एवढंच. आणि आता दोन वर्षांनी तिला कळत होतं, म्हणजे कागदावर तर तिला ते आधीपासून पाठ होतं, विद्यार्थ्यांना ती शिकवत होती, की थाळीत सगळ्यात जोमानं वाढणाऱ्या पेशीचाच आधी संशय घ्यायचा असतो. तिला तो जोम कुठून आला ते विचारायचं असतं. विसाव्या गुणसूत्राचा जास्तीचा तुकडा असला की पेशी मरायचं टाळते आणि शेजारणींना ढकलून पुढे जाते. भिंगाखाली ती देखणी दिसते. शिकवायला काय, कुणीही शिकवतं. वेळ आली की हात वावरातलाच निघतो. आणि गोठवलेला सगळा साठा त्या एकाच ठिपक्याचा. परत जायला मागे काही ठेवलंच नव्हतं तिनं.

"उतरा बाई, आलं गाव," किसनरावानं हाक मारली. तिची पिशवी त्यानंच उतरवून दिली आणि विहाराच्या कोपऱ्यापर्यंत सोबत केली. जाता जाता म्हणाला, "माही बी नजर कमी झाली हो आता. पयले मायचं होऊ द्या, मंग माहा नंबर लावजा." थट्टाच होती. निम्मी.

जनकाबाई अंगणात सुपात तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. पायांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली, दीपमालाच्या उजव्या बाजूला कुठेतरी, भिंतीकडे बघितल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "आली का? चप्पल घासत चालून राह्यली. लय थकली दिसतं." देवानंद शाळेत गेला होता. घरात ओट्यावर भरलेली पिशवी ठेवलेली होती, तिच्यावर नवं कोरं लुगडं, घडी न मोडलेलं. आई सांगत होती की विहारातल्या बाया काल येऊन भेटून गेल्या, जयभीम म्हणून निरोप देऊन गेल्या, करिष्मानं, म्हणजे देवानंदच्या बायकोनं, चिवडा करून दिला, आणि तिथं दवाखान्यात आपली भाकर मिळते का नाही ते विचारून घे. दीपमाला हात-पाय धुऊन आली. आईनं ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी केली होती, चाचपून, अंदाजानं. मीठ बरोबर होतं, नेहमीसारखं. भाकरीची एक बाजू करपली होती ती आईला दिसली नव्हती. दीपमालानं ती करपलेली बाजू आधी खाल्ली. जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा घास घातला. तिला वाटलं, आपण इथंच आडवं व्हावं, भिंतीकडे तोंड करून, आणि उठल्यावर शनिवार असावा. शुक्रवार कुणीतरी आपल्या वतीनं जगून टाकावा. कशाला एवढं? शंभरात चार. आईचं वय सहासष्ट. दहा वर्षांनी काय होईल कुणी बघितलंय? एक डोळा, फक्त उजवा, आणि त्यात मधोमध पुन्हा दिसायला लागेल. सरांना एक फोन. "पुढे जाऊ." दोन शब्द. सर सुटतील, आई सुटेल, ती सुटेल. ह्या दोन शब्दांची चव तिनं तीन दिवस तोंडात घोळवली होती आणि ती गोडच लागत होती, हे कुणाला सांगायचं?

जेवण झाल्यावर ती आईसमोर सूप ओढून बसली आणि शेंगा सोलू लागली. मग जनकाबाईच म्हणाली, "बोल आता. आल्यापासून घशात हाडूक अडकल्यावानी करून राह्यली."

"माय, उद्या जायाचं नाही."

"काऊन? तारीख पुढं गेली?"

"तारीखच नाही राह्यली. ते जे वाढोलं होतं ना तुह्या कातडीतून, त्यात खोट निघाली. लावलं त पुढं गाठ होऊ शकते. डोयात. कॅन्सरची."

बोलून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुण्यात ज्या वाक्याला तिनं वीस वेळा वळणं दिली होती, ते गावच्या भाषेत असं सरळ दोन दमात निघून गेलं. जनकाबाईचे हात थांबले नाहीत. शेंग, नखानं चीर, तीन दाणे, टरफल डावीकडे. "होऊ शकते का होते?"

"होऊ शकते. कदाचित नाहीबी होनार."

"कधी होईन?"

"ठाऊक नाही. पाच वर्सं, धा वर्सं. कोनालेच ठाऊक नाही माय."

"मंग दे लावून," जनकाबाई म्हणाली. इतक्या सहज, की दीपमालाला आधी कळलंच नाही. "धा वर्सं मी कोठी जगतो? आन जगलो तरी पाहून त जगीन. तुहे साहेब सही मांगतीन त सही देतो. पाह्यजे त आंगठाबी देतो." ती मान तिरपी करून बोलत होती, गोठ्याच्या दिशेनं, आणि आवाज चढत चालला होता. "पाच वर्सं झाले बाई, मी कोनाचं तोंड नाही पाह्यलं. देवानंदची पोरगी सातव्या महिन्यात रांगाले लागली, समदे म्हनत तिच्या गालाले खळी पडते. मी बोटानं चाचपून पाह्यली ती खळी! लेकरू रडलं. तुले का समजते ते? तुले भिंगातून समदं दिसते."

नेमकं हेच तर दीपमालाला हवं होतं ना? आईनं स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं. आता फोन उचलायचा, आई म्हणते म्हणून सांगायचं, आणि झोपायचं. पण हे होकाराचं ओझं आईच्या डोक्यावर ठेवायला आपण एवढ्या लांब आलो का, ह्या विचारानं तिला एकदम किळस आली, स्वतःचीच. "माय, ते तुह्या नशिबानं नाही झालं," ती म्हणाली. "माह्या हातानं झालं." आणि तिनं सांगितलं. तीन ठिपके होते. एक जोमात होता. दोन फेकून दिले. वहीत खोटं लिहिलं. जोम कशाचा होता ते पाहिलं नाही. सोमवारी कळलं, तीन दिवस कुणाला सांगितलं नाही.

जनकाबाईनं सूप बाजूला सरकवलं. "शेतातलं तिथं कायले नेलं?" ती म्हणाली. "जवारी कापली म्हंजे संपते. हे त आंगात राह्यनार व्हतं." ती रागावली होती, आणि तिचा राग खरा होता, त्यात माया मिसळलेली नव्हती. "एवढी शिकली, एवढी दूर गेली, बापाच्या मयतीले दोन दिस नाही राह्यली. अन् तिथं जाऊन माह्यासारखंच केलं? शिकली कायले मंग?"

अंगणातल्या ऊनसावलीत एक कोंबडी टरफलं उकरत होती. दीपमाला म्हणाली, "चुकलं माय." एवढंच. तिला रडू येईल असं वाटलं होतं पण आलं नाही. रडायलाही अंगात थोडी ताकद लागते.

मग जनकाबाईनं विचारलं, "मी नसती. दुसऱ्या कोनाची माय असती, त लावलं असतं का?"

"नाही. त्याच दिशी फेकून देल्लं असतं."

"मंग माह्यासाठी तीन दिस कायले लावले?"

दीपमाला खाली बघत होती. आईला खाली बघणं दिसत नाही हे माहीत असूनही. जनकाबाई काहीतरी मोजल्यासारखी बोटं हलवत राहिली, मग तिची बोटं थांबली. "दुसऱ्या मायाबी हायेत ना तिथं?" ती म्हणाली. "तू म्हनली व्हती, सात जन हायेत. मी पयली. बाकीच्याईचं कोनं निवडलं?"

हा प्रश्न तिला सोमवारपासून कुणी विचारला नव्हता. सरांनी नाही. तिनं स्वतःलाही नाही. तीन दिवस ती एकाच आकड्याभोवती बैलासारखी फिरत होती. सात थाळ्या. सातही ठिकाणी तिचाच हात. सातही वह्यांत तेच 'वाढ नाही', तिच्याच अक्षरात. आणि बारीक तपासणी झाली होती ती फक्त एकीची, हौसेनं. बाकी सहा जण जाड चाळणीतून पार होऊन, साफ म्हणून, रांगेत उभे होते. एप्रिल, जून, ऑगस्ट. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मीच," ती म्हणाली.

"समद्याईचं?"

"समद्याईचं."

"तसंच? जोमाचं पाहून?"

"हाव."

"नावं काय त्याईचे?"

"नावं नाही ठाऊक. नंबर असतात."

"माहाबी नंबरच व्हता ना?" जनकाबाई म्हणाली. "मले सांगाले माही लेक आली एसटीनं. त्याईले कोन सांगून राह्यलं?"

दीपमाला उठली. घरातून मोबाईल घेऊन आली आणि पुन्हा त्याच जागी, टरफलांत बसली. रेंज येत-जात होती. तिनं शेखर सरांना लिहायला घेतलं, मग त्यांच्या नावाखाली समितीच्या पाचही जणांची नावं टाकली. जनकाबाई म्हणाली, "मोठ्यानं वाच. मले ऐकू दे काय लिहिते ते." आणि दीपमालानं पुण्याच्या भाषेत, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, की एक नंबरच्या पेशींत दोष आढळला आहे, अहवाल सोबत जोडला आहे. दोन ते सात नंबरच्या पेशी माझ्याच हातून, त्याच चुकीच्या पद्धतीनं निवडल्या गेल्या. वहीतल्या 'वाढ नाही' या नोंदी खोट्या आहेत, त्या मी केल्या. सातही थांबवाव्यात. कुणालाही लावू नयेत. खाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. ह्यानंतर तिला त्या इमारतीत कोण शिरू देणार होतं?

"म्हंजे आता माहं नाही होनार," जनकाबाई म्हणाली. विचारत नव्हती.

"नाही माय. आता नाही होनार."

"धाड मंग."

दीपमालानं पाठवलं. मोबाईलवरचा गोल फिरत राहिला, रेंज गेली, पुन्हा आली. जनकाबाई हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, अजिबात न हलता बसली होती. "गेलं का?" तिनं विचारलं.

"थांब. जाऊन राह्यलं."

"गेलं?"

"गेलं."

"पक्कं गेलं ना? वापस त नाही आनता येत?"

"नाही येत."

तेव्हा कुठं जनकाबाईनं तोंडाला पदर लावला आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली.